खाऱ्या पाण्याच्या नव्या मत्स्यटाकीतील नत्रचक्र

खाऱ्या पाण्याची टाकी नव्याने मांडल्यावर तिच्यात अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू पुरेसे वाढेपर्यंतची प्रक्रिया. हौशी मंडळी तिला नुसते ‘सायकल’ म्हणतात. तिला साधारण ४ ते ६ आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात, आणि तोवर टाकीत मासा सोडायचा नसतो. पाणी नितळ दिसते, दिवे लागलेले असतात, घरातली मुले रोज ‘मासे कधी आणायचे?’ विचारतात, तरी थांबावेच लागते.

माशांच्या कल्ल्यांतून आणि उरलेले खाद्य कुजल्याने पाण्यात अमोनिया येतो. नायट्रोसोमोनास गटातील जिवाणू व काही आर्किया (जिवाणूंसारखेच दिसणारे, पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव) त्याचे नायट्राइट करतात. पुढचे काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतात. खान्देशातल्या केळीबागेत ठिबकमधून दिलेल्या युरियाचे जमिनीत शेवटी नायट्रेट होते, ते याच जातकुळीच्या जिवाणूंमुळे. अमोनियापासून त्यांना फार थोडी ऊर्जा मिळते, म्हणून ते सावकाश वाढतात. कुजवणारे कित्येक जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात. यांना अर्धा दिवस ते एक दिवस, कधी त्याहूनही जास्त लागतो. घाई करून काही साधत नाही ते यामुळेच.

खाऱ्या पाण्यात घाई जास्त महागात पडते. इथे सामू (पीएच) ८.१ ते ८.४ असतो, आणि सामू ७ वरून ८ वर गेला की कल्ले जाळणाऱ्या मुक्त अमोनियाचा वाटा जवळजवळ दहापट होतो. गोड्या पाण्याच्या नव्या टाकीत गप्पी तगले म्हणून इथेही मासे तगतील, असे धरून चालू नये. नायट्राइट मात्र समुद्री पाण्यात तुलनेने कमी घातक असते, कारण पाण्यातले क्लोराइड त्याला रक्तात सहज शिरू देत नाही. पूर्वी स्वस्तातला डॅमसेल मासा सोडून सायकल सुरू करत. ही पद्धत क्रूर आहे आणि तिची गरजही नाही. अमोनियम क्लोराइडने अमोनियाची पातळी २ पीपीएमपर्यंत (लिटरमागे सुमारे २ मिलिग्रॅम) नेली, किंवा जाळीच्या पिशवीत कोळंबीचा तुकडा कुजू दिला, तरी तेच काम होते.

त्यानंतर टेस्ट किट घेऊन दोन-तीन दिवसांआड पाणी तपासावे. परीक्षानळी पांढऱ्या कागदापुढे, दिवसाच्या उजेडात धरावी. ट्यूबलाइटखाली पिवळा आणि पोपटी यांतला फरक नीट कळत नाही. आधी अमोनिया चढतो. तो उतरू लागला की प्रचलित किटमध्ये नायट्राइटची नळी जांभळी होते, आणि तो जांभळा रंग कित्येक दिवस हलत नाही. माणसाचा धीर सुटतो तो इथेच. मग कोणी अर्धे पाणी बदलतो, कोणी फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतो. पाणी बदलल्याने फारसे बिघडत नाही, कारण जिवाणू पाण्यापेक्षा दगड, वाळू आणि फिल्टरवर चिकटून असतात. पण नळाच्या क्लोरीनने तीच वसाहत मरते. काचेवर डायटम या सूक्ष्म शैवालाचा तपकिरी थर येतो, तोही नव्या टाकीत नेहमीचाच. नायट्राइट भरपूर असताना नायट्रेटचा आकडा खोटा चढलेला दिसतो, त्यावर विसंबू नये. पुन्हा २ पीपीएम अमोनिया घातल्यावर २४ तासांत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, की सायकल पूर्ण झाली. हा निर्णय किटने द्यायचा, कॅलेंडरने नाही.

जळगाव, भुसावळ, धुळे येथे समुद्राचे पाणी हाताशी नसल्याने ते घरीच करावे लागते: शुद्ध पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम सागरी मीठ. काळ्या खडकातले बोअरचे जड पाणी यासाठी चालत नाही, आणि घरगुती आरओमध्येही चवीसाठी थोडे मूळ पाणी मिसळलेले असू शकते. टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) मोजून घ्यावा. एप्रिल-मे मध्ये पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा टाकीचे पाणी ३० च्या वर चढते आणि त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. या जिवाणूंना तर ऑक्सिजन हवाच. पाण्यावर लावलेला छोटा पंखा इथल्या कोरड्या हवेत चांगले काम करतो, पण पाणी झपाट्याने उडते. मीठ मागेच राहते, म्हणून घट साध्या आरओ पाण्याने भरावी, खाऱ्या पाण्याने नाही. लाइट बराच वेळ गेली तर बंद फिल्टरमधले जिवाणू गुदमरू लागतात. इन्व्हर्टरवर निदान हवेचा पंप असावा. डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या आसपास येतो, तेव्हा हीटर नसेल तर सारी प्रक्रिया रेंगाळते.

भारतात प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे, त्यामुळे टाकीत मांडायच्या खडकाच्या नावाखाली प्रवाळाचे तुकडे घेऊ नयेत. जिवाणूंना चिकटायला कोरडा सच्छिद्र दगड किंवा सिरॅमिक माध्यमही चालते, फक्त वेळ थोडा जास्त लागतो.

सायकल पूर्ण झाल्यावर बरेचसे पाणी बदलून साठलेले नायट्रेट खाली आणतात आणि मग एखादा क्लाउनफिश सोडतात. खाद्य सुरुवातीला बेताचेच घालावे, कारण जिवाणूंची वसाहत टाकीतल्या अमोनियाच्या प्रमाणातच वाढते. पुढचा मासा दोन-तीन आठवड्यांनी, तेही मधल्या काळात अमोनिया शून्यावर राहिला तरच.