पिंच हिटर आणि फटकेबाज यांतली गल्लत

नाशिकच्या टेनिस बॉल स्पर्धांमध्ये सलामीच्या फलंदाजाने पहिल्याच षटकात चेंडू मिडविकेटवरून सीमापार भिरकावला, की ध्वनिक्षेपकावरून ‘पिंच हिटर’ अशी त्याची वाहवा सुरू होते. तो नेहमीच सलामीला येत असेल, तर हा शब्द साफ चुकीचा आहे.

फटकेबाज कोण, हे सांगायला नको. आडव्या बॅटने हाणणारा स्लॉगर असो वा सरळ बॅटने षटकार खेचणारा, ही त्याची शैली असते आणि कोणत्याही क्रमांकावर ती त्याच्यासोबत येते.

पिंच हिटर ही मात्र शैली नसून कामगिरी आहे आणि ती कर्णधार नेमून देतो. हा शब्द बेसबॉलमधला. तिथे ‘पिंच’ म्हणजे अडचणीची वेळ. अशा वेळी ठरलेल्या फलंदाजाऐवजी, पूर्वी पुष्कळदा दुबळी फलंदाजी करणाऱ्या पिचरऐवजी, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याऐवजी, जो बदली खेळाडू पाठवतात तो पिंच हिटर. त्याने चेंडू मैदानाबाहेरच मारावा अशी अट नसते. कित्येकदा त्याने पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला टप्पा, गाठला तरी पुरते. क्रिकेटमध्ये पूर्वी फलंदाजीसाठी असा बदली खेळाडू आणता येत नसे, म्हणून शब्दाचा अर्थ पालटला आणि खालच्या क्रमांकावरून झटपट धावांसाठी वर पाठवलेला खेळाडू पिंच हिटर ठरला.

खरी मेख आहे ती विकेटच्या किमतीत. तळाचा खेळाडू दहा चेंडूंत वीस धावा काढून बाद झाला, तर संघाचे फारसे बिघडत नाही, कारण मुख्य फलंदाज अजून शाबूत असतात. तोच धोका प्रमुख फलंदाजाने पत्करला, तर त्याची विकेट महागात पडते. 2005 मध्ये नागपूरला श्रीलंकेविरुद्ध भारताने मुख्यतः गोलंदाज असलेल्या इरफान पठाणला तिसऱ्या क्रमांकावर पाठवले आणि त्याने 70 चेंडूंत 83 धावा केल्या, हे याचे चोख उदाहरण.

याउलट 1992 च्या विश्वचषकात सुरुवातीच्या षटकांत क्षेत्ररक्षकांच्या डोक्यावरून फटके मारणाऱ्या न्यूझीलंडच्या मार्क ग्रेटबॅचला सर्रास पिंच हिटर म्हणतात, ते मला मुळीच पटत नाही. 1989 मध्ये पर्थच्या कसोटीत जवळजवळ अकरा तास किल्ला लढवून नाबाद 146 धावा काढणारा हा अस्सल फलंदाज होता. 1996 च्या विश्वचषकातला श्रीलंकेचा जयसूर्याही माझ्या मते आक्रमक सलामीवीरच.

हे बिरूद कायमचेही नसते. 2017 च्या आयपीएलमध्ये कोलकात्याने मुळात गोलंदाज असलेल्या सुनील नारायणला सलामीला धाडले, तेव्हा तो निर्विवाद पिंच हिटर होता. 2024 मध्ये राजस्थानविरुद्ध सलामीला येऊन 109 धावा करणाऱ्या त्याच नारायणला सलामीवीरच म्हटले पाहिजे.