शेणाच्या घरातल्या कावळ्यापासून वाघदेवापर्यंत

एकटं मूल रानात जातं, तिथल्या शहाण्या जनावरांशी त्याची गट्टी जमते, ती त्याच्याशी बोलतात आणि मोठ्या माणसांना याचा पत्ताच नसतो. बालकादंबरीचा हा साचा इतका सरावाचा झालाय की तो पहिल्यापासून असाच होता असं वाटतं.

बोलणारी जनावरं आपल्याकडे जुनीच. शेणाच्या घरातला कावळा आणि मेणाच्या घरातली साळै ही गोष्ट महानुभाव पंथाच्या चक्रधरांच्या तोंडून तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रात आलीय. हीच साळै पुढे आपली चिमणी झाली. (महानुभावांचं कनाशी आमच्या भडगाव तालुक्यात, तेव्हा खानदेशानेही या गोष्टीवर थोडा हक्क सांगायला हरकत नाही.) पंचतंत्रातले कोल्हे, कावळे तर माणसांपेक्षा तल्लख. पण तिथली मुलं गोष्टीच्या बाहेर बसलीत. विष्णुशर्म्यापुढे तीन राजपुत्र राजनीती शिकायला आलेत, कोल्ह्याशी दोस्ती करायला नाही.

गोष्टीच्या आत शिरून जनावरांत वाढणारं मूल जगभर गाजलं ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, इंग्रजीत. १८९४ चं 'जंगल बुक' घडतं सिवनीच्या रानात, म्हणजे आमच्या उत्तरेला दिसणाऱ्या सातपुड्याच्याच पूर्वेकडच्या भागात. ही वेळ मला योगायोगाची वाटत नाही. १८२५ साली आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशात भिल्ल पलटण उभारायला घेतली, धरणगाव तिचं ठाणं झालं, आणि भिल्लांचा विश्वास त्याने कमावला तो बराचसा वाघांच्या शिकारीतून. पुढे बंदूक आणि नांगर या दोघांनी मिळून रान मागे रेटलं. वाघ गोठ्याशी येतो तोवर त्याला मित्र करायचं कुणाला सुचत नाही. तो लांब गेला की सुचतं.

त्याच धरणगावात १८९० मध्ये बालकवी जन्मले. हरवलेल्या घरट्याची चौकशी करत फिरणारी त्यांची चिमणी कावळ्याला 'दादा' म्हणते. असोद्याच्या बहिणाबाईंना माणसाने धडा घ्यावा अशी अक्कल सुगरणीच्या खोप्यात दिसली. त्यांचं पाखरू माणसाशी बोलत मात्र नाही, ते आपल्या कामात असतं. मला हे जास्त पटतं.

याहून वेगळं नातं नंदुरबार-धुळ्याच्या डोंगरपट्ट्यात, आदिवासी पाड्यांवर सापडतं. तिथे वाघदेव पुजतात. शिवारात उभी केलेली लाकडी नाहीतर दगडी पाटी, तिच्यावर कोरलेला वाघ, वर सूर्य-चंद्र. वाघबारशीच्या सणाला नारळ फुटतो, कोंबडं दिलं जातं. मागणं एवढंच, की आमच्या गुरांना हात लावू नकोस. वाघाला अक्कल आहे, बोललेलं कळतं, घेतल्या कोंबड्याला तो जागतो, हे सगळं यात धरलेलंच आहे. फक्त ही दोस्ती नव्हे, करार आहे. आपले बालकादंबरीकार त्या वाटेला फारसे गेले नाहीत, कारण गट्टी लिहायला सोपी. करारात पदरचं काहीतरी सोडावं लागतं, आणि ते कोंबडं कादंबरीतल्या मुलाने हाताने वाढवलेलं निघालं तर गोष्ट भलतीच रंगेल.