पाणी कुठे मुरतंय?

आंजर्ल्याच्या आमच्या आगरात उन्हाळ्यात सुपारीला पाटाचं पाणी लागतं. पंप सुरू केला की विहिरीचं पाणी आधी नारळांना आणि मग आळ्याआळ्यातून शेवटच्या सुपारीपर्यंत जातं. कधी कधी ते शेवटचं आळं कोरडंच राहतं. अशा वेळी नवशिका पंप उघडून बसतो. जाणता गडी विहिरीपासून पाटाच्या काठाने चालू लागतो आणि पाणी जिथे दिसेनासं होतं तिथे थांबतो. बहुतेक वेळा तिथे कुर्लीने केलेलं बीळ सापडतं.

माझं रोजचं काम सर्व्हरचं आहे आणि त्या कामात मी याहून चांगली पद्धत शिकलेलो नाही. मे महिन्यात भाचा सुट्टीला आला होता. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दुपारची वेळ, पडवीत लॅपटॉप उघडून बसला होता आणि चेहरा पार पडलेला.

"मामा, दोन मशीन केल्येत. दुसऱ्यावर वेबसाइट ठेवल्ये, पण पहिल्यावरून उघडतच नाही. पिंग मात्र लागतंय."

मशीन म्हणजे व्हर्च्युअल मशीन, व्हीएम. एका खऱ्या संगणकाच्या पोटात सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक. कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९७२ मध्ये व्हीएम/३७० आणलं तेव्हापासून बाजारात आहे. आतल्या संगणकाला आपण खराच आहोत असं वाटतं, कारण त्याला मेमरी दिसते, डिस्क दिसते आणि नेटवर्क कार्डही दिसतं. हे कार्ड कुठे विकत मिळत नाही. ते यजमान, म्हणजे बाहेरच्या खऱ्या संगणकाच्या मेमरीतला एक कप्पा असतं. एका व्हीएमने कप्प्यात पॅकेट, म्हणजे माहितीचं छोटं पुडकं, टाकायचं, यजमानाने ते उचलून दुसऱ्याच्या कप्प्यात ठेवायचं. त्या दिवशी पडवीत मोबाइलची रेंज नव्हती, आणि त्याने काही अडतही नव्हतं. सगळं नेटवर्क त्या एका लॅपटॉपच्या आतच होतं.

पिंग लागत होतं, हेच मला खटकलं. पिंग म्हणजे 'आहेस का?' असं विचारणारं छोटंसं पॅकेट. माइक म्यूस या अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतल्या संशोधकाने डिसेंबर १९८३ मध्ये हा प्रोग्रॅम लिहिला आणि त्याला नाव दिलं ते सोनारच्या आवाजावरून. हर्णे बंदरातल्या बोटींवर मासे शोधायचं जे यंत्र असतं, त्याचंही तत्त्व तेच: आवाज सोडायचा, प्रतिध्वनी ऐकायचा, मधला वेळ मोजायचा. पिंगमध्येही वेळच बोलकी असते. भाच्याच्या पडद्यावर उत्तर येत होतं ०.०३ मिलिसेकंदात. एका व्हीएममधून दुसऱ्यात जाऊन परत यायला साधारण याच्या दहापट वेळ लागतो.

मी म्हटलं, "दुसरं मशीन बंद कर बघू."

त्याने बंद केलं. पिंगची उत्तरं तशीच येत राहिली. तो माझ्याकडे बघतच राहिला.

दोन्ही मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे आयपी पत्ता, १०.०.२.१५ होता. पहिलं मशीन स्वतःलाच हाक मारत होतं आणि स्वतःच ओ देत होतं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे भाच्याने व्हीएम बनवायला घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, कार्डाला 'नॅट' हा प्रकार दिला की प्रत्येक व्हीएमला स्वतःचा वेगळा छोटा राउटर मिळतो, आणि असा प्रत्येक राउटर आपल्या एकुलत्या एक पाहुण्याला ठरलेला हाच पत्ता देतो. कोकणात गावोगाव एक मधलीवाडी असते. 'मधलीवाडीत जा' म्हटलं की जो तो आपल्याच गावातल्या मधलीवाडीत जातो, तसं हे. इंटरनेट बघण्यापुरती ही सोय उत्तम आहे, पण शेजारच्या व्हीएमकडे जाणारी वाटच तिच्यात नसते.

मग दोघांना 'होस्ट-ओन्ली' नेटवर्कवर आणलं. तिथे मध्ये एकच स्विच, म्हणजे ज्याचं पॅकेट त्याच्या दारात पोचवणारा, असतो आणि दोघेही त्याच्याच दारात उभे असतात. पत्ते १९२.१६८.५६ च्या मालिकेत मिळायला हवेत. मिळाले, पहिल्याला १९२.१६८.५६.१०१ आणि दुसऱ्यालाही १९२.१६८.५६.१०१.

"मामा, परत तेच!"

दिसायला तेच होतं, कारण मात्र निराळं. आयपी पत्त्याच्या खाली आणखी एक पत्ता असतो, मॅक. ४८ बिटांचा, कार्डाच्या अंगावर गोंदल्यासारखा. त्याचा पहिला अर्धा भाग बनवणाऱ्याची खूण असतो: व्हर्च्युअलबॉक्सच्या कार्डांना ०८:००:२७, केव्हीएम या तसल्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या कार्डांना सहसा ५२:५४:००. खऱ्या कार्डाला तो कारखान्यात मिळतो. आभासी कार्डाचा मॅक म्हणजे सेटिंगच्या फाइलमधली एक ओळ. भाच्याने पहिलं मशीन नीट जमवून घेतलं होतं आणि दुसरं त्याची नक्कल करून बनवलं होतं. नकलेत ती ओळही तशीच उतरली. पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरला एकच माणूस दोनदा दारात आल्यासारखं दिसलं आणि त्याने दोन्ही वेळा तोच पाट मांडला. आयपी हाताने वेगळे दिले असते तरी भागलं नसतं. हा मॅक कुठल्या दाराला आहे हे स्विच लक्षात ठेवतो, आणि इथे तोच मॅक मघाशी या दाराला तर आत्ता त्या दाराला.

दुरुस्ती एका क्लिकची होती, पण ती मी लगेच सांगितली नाही. आधी त्याला पाटाच्या काठाने चालायला लावलं.

पॅकेट बघायचं हत्यार म्हणजे टीसीपीडम्प. वाटेतल्या कुठल्याही कार्डावर ते लावता येतं आणि जाणारं-येणारं प्रत्येक पॅकेट ओळीओळीने दिसतं. पहिली ओळ बहुधा अशी असते: 'हू-हॅज १९२.१६८.५६.१०२, टेल १९२.१६८.५६.१०१'. ही एआरपी, १९८२ पासूनची पद्धत. ज्याचा आयपी माहीत आहे पण मॅक माहीत नाही, त्याच्यासाठी सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशी मारलेली ही हाक. ज्याचा पत्ता असेल तो आपला मॅक सांगतो आणि मगच खरं बोलणं सुरू होतं. ही हाक आणि तिला मिळालेली ओ दिसली, तर दोन व्हीएममधला रस्ता शाबूत आहे एवढं नक्की.

लिनक्सच्या केव्हीएमवर ही वाट फार स्पष्ट दिसते, म्हणून मला ती शिकवायला आवडते. आतलं कार्ड, त्याचं यजमानाच्या बाजूचं टोक म्हणजे व्हीनेट०, मग ब्रिज, पलीकडे व्हीनेट१, आणि शेवटी दुसऱ्या व्हीएमचं कार्ड. ब्रिज म्हणजे आपला साकवच. त्याच्या दोन्ही तोंडांशी उभं राहून बघता येतं. हाक व्हीनेट० वर दिसली आणि व्हीनेट१ वर नाही, तर घोळ साकवावर: दुसरं टोक त्याच ब्रिजला जोडलंय का, व्हीलॅन, म्हणजे एकाच ब्रिजवरची आतली वाटणी, वेगळी पडल्ये का, हे बघायचं. एआरपीला ओ मिळते, पिंगचं पॅकेट साकवाच्या तोंडापर्यंत येतं आणि पलीकडे उतरत नाही, तर यजमानाचा फायरवॉल, म्हणजे पॅकेट अडवणारा पहारेकरी, तपासायचा. त्याच यजमानावर डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं सॉफ्टवेअर) बसवला असेल तर आधी तिथेच बघावं, कारण डॉकर फायरवॉलच्या फॉरवर्ड साखळीचं, म्हणजे पुढे पाठवायच्या पॅकेटांच्या नियमांचं, धोरण 'ड्रॉप' (टाकून द्या) असं करतो आणि ब्रिजवरची रहदारीही त्यात अडकू शकते. पॅकेट पलीकडे पोचतं पण उत्तर येत नाही, तर दुसऱ्या व्हीएमच्या आत शिरायचं. विंडोजचा फायरवॉल बऱ्याचदा पिंगला उत्तरच देऊ देत नाही. मशीन धडधाकट असतं आणि आपण त्याला मेलेलं समजतो.

एक दुखणं मात्र भल्याभल्यांना चकवतं. पिंग लागतं, लॉगिन होतं आणि मोठी फाइल पाठवली की सगळं गोठतं. इथे वाट अरुंद झालेली असते. इथरनेटवर एका खेपेला १५०० बाइट जातात. दोन यजमानांमध्ये व्हीएक्सलॅनचा बोगदा, म्हणजे एक पॅकेट दुसऱ्यात गुंडाळून नेणारी वाट, असेल तर त्याचं वेष्टनच ५० बाइट खातं, आणि आत १४५० उरतात. लहान पॅकेट जातं, भरलेलं अडतं. परीक्षा सोपी आहे: तुकडे करायची मनाई करून १४७२ बाइटचं पिंग मारायचं. त्यात २८ बाइटची शीर्षकं मिळवली की बरोबर १५०० होतात. ते गेलं नाही आणि १४२२ चं गेलं, तर बीळ सापडलं.

भाच्याने दोन्ही मशीनवर टीसीपीडम्प लावलं आणि दोन्ही खिडक्यांत तोच मॅक स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. मग मशीन बंद करून नवा मॅक दिला. काही लिनक्समध्ये एवढ्याने भागत नाही. नकलेत मशीन-आयडीची, म्हणजे मशीनच्या ओळखक्रमांकाची, फाइलही सारखीच येते आणि डीएचसीपी तिच्यावरून ओळख पटवतं, तेव्हा तीही नवी करावी लागते. इथे ती वेळ आली नाही. दुसऱ्याला १०२ मिळाला. त्याने पिंग मारलं, उत्तर आलं, वेळ ०.४ मिलिसेकंद.

वेबसाइट उघडायच्या आधी, मी काही न सांगता, त्याने दुसरं मशीन बंद केलं. पडद्यावर काही सेकंद सामसूम, आणि मग 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल'.

"थांबलं, मामा!" तो आतल्या माणसांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, आणि मशीन परत सुरू करायला घेतलं.