टिकणे आणि गुंतणे: दूरस्थ तंत्रज्ञांच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

दूरस्थ, म्हणजे कार्यालयात न येता घरून किंवा अन्य ठिकाणाहून, काम करणाऱ्या सॉफ्टवेअर अभियंत्यांविषयी बोलताना मनुष्यबळ विभाग दोन गोष्टी सहसा एका दमात विचारतात: ही माणसे कंपनीत टिकतील का, आणि त्यांचे मन कामात गुंतलेले राहील का. या दोन प्रश्नांचा जन्म वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कारणांनी झाला. दूरस्थ कामाचा इतिहास पाहिला तर त्यांची उत्तरेही अनेकदा परस्परविरोधी दिशांना गेलेली आढळतात.

टिकण्याचा प्रश्न कारखान्यातून आला. १९१३ साली फोर्ड कंपनीत कामगारांच्या गळतीचे वार्षिक प्रमाण सुमारे ३७० टक्के होते, म्हणजे एकेक जागा वर्षभरात तीन-चार वेळा नव्याने भरावी लागत होती. जानेवारी १९१४ मध्ये कंपनीने दिवसाला पाच डॉलर देण्याची घोषणा केली, तेव्हा कामगाराला काम आवडते का, हा मुद्दाच नव्हता. त्याने दुसऱ्या दिवशी यावे एवढीच अपेक्षा होती. मन गुंतण्याचा विचार बराच उशिरा आला. १९९० साली संघटनांतील मानवी वर्तनाचे अभ्यासक विल्यम कान यांनी उन्हाळी शिबिरातील मार्गदर्शक आणि वास्तुरचनाकारांच्या एका संस्थेतील कर्मचारी यांचा अभ्यास करून असे मांडले की, कामाला अर्थ वाटणे, मन मोकळे करण्याची सुरक्षितता असणे आणि त्यासाठी अंगात पुरेसे बळ शिल्लक असणे या तीन अटी पूर्ण झाल्या तर माणूस कामात स्वतःला ओततो. ही दोन्ही ठिकाणे माणसे दिवसभर समोरासमोर असण्याची होती, ही गोष्ट फारशी लक्षात घेतली जात नाही. पुढे गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेची बारा प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरली जाऊ लागली, आणि तिच्यातही कामाच्या ठिकाणी आपला जिवलग मित्र आहे का, असा एक प्रश्न आहे. म्हणजे आज दूरस्थ चमूंना लावली जाणारी मोजपट्टी मुळात एका छपराखालच्या माणसांवर बेतलेली आहे.

संगणक क्षेत्रात घरून काम करण्याची पद्धत मात्र या सिद्धांताच्या कितीतरी आधीची आहे, आणि तिचा सुरुवातीचा एक मोठा प्रयोग गळती रोखण्यासाठी नव्हे, तर गळून गेलेल्यांना परत आणण्यासाठी झाला. ब्रिटनमध्ये १९६२ साली स्टेफनी शर्ली यांनी ‘फ्रीलान्स प्रोग्रामर्स’ ही कंपनी अवघ्या सहा पौंडांच्या भांडवलावर सुरू केली. लग्न किंवा बाळंतपणानंतर नोकरी सोडाव्या लागलेल्या प्रशिक्षित स्त्रिया त्यांनी हेरल्या आणि त्यांना घरी बसून काम दिले. प्रवाहआलेख (प्रोग्रामच्या पायऱ्या दाखवणाऱ्या आकृत्या) आणि प्रोग्राम कागदावर पेन्सिलीने लिहायचे, ते टपालाने पाठवायचे, मग ते कार्डांवर किंवा फितीवर छिद्रित व्हायचे, असा तो क्रम होता. स्त्रीचे नाव पाहून व्यावसायिक पत्रांना उत्तरे येत नाहीत म्हणून शर्ली ‘स्टीव्ह’ अशी सही करू लागल्या, आणि फोनवर बोलताना घरातला मुलांचा आवाज झाकण्यासाठी टंकलेखन यंत्राच्या खडखडाटाची ध्वनिफीत लावत. कॉन्कॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचे प्रोग्रामिंग याच कंपनीतील स्त्रियांनी घरून केले. पहिल्या ३०० कर्मचाऱ्यांत २९७ स्त्रिया होत्या. १९७५ च्या लिंगभेदविरोधी कायद्यानंतर पुरुषांनाही बरोबरीने प्रवेश द्यावा लागला, हा त्यातला गमतीचा भाग.

या कंपनीत माणसे टिकली, त्याची दोन कारणे दिसतात. एक तर त्या स्त्रियांना अशी सवलत देणारा दुसरा मालक जवळपास नव्हता. दुसरे म्हणजे शर्ली यांनी कंपनीचे समभाग टप्प्याटप्प्याने कर्मचाऱ्यांच्या हाती दिले, इतके की पुढे त्यांच्यापैकी सत्तर जण दशलक्षाधीश झाले. पहिले कारण दुर्मिळतेचे होते आणि दुसरे मालकीचे. नंतरच्या काळात घरून काम देणाऱ्या बहुतेक कंपन्यांनी पहिल्यावरच भिस्त ठेवली.

अमेरिकेत हा विषय वेगळ्याच वाटेने आला. १९७३ च्या तेलसंकटाच्या काळात, पूर्वी अंतराळ क्षेत्रात काम केलेल्या जॅक निल्स यांनी कर्मचाऱ्याऐवजी कामाचाच प्रवास घडवावा अशी कल्पना मांडली. त्यांचा रोख वाहतूक आणि इंधन यांवर होता. १९७९ साली आयबीएम या संगणक कंपनीने कॅलिफोर्नियातील आपल्या सांता तेरेसा प्रयोगशाळेच्या पाच कर्मचाऱ्यांच्या घरी टर्मिनल (मुख्य संगणकाशी जोडलेली यंत्रे) बसवले, ते मुख्य संगणकावरील गर्दी कमी करण्यासाठी. २००९ पर्यंत आयबीएमच्या सुमारे ४० टक्के कर्मचाऱ्यांना कार्यालयच नव्हते, आणि तोवर जागेच्या भाड्यातली बचत हे मोठे कारण झाले होते. इंधन, यंत्रावरचा ताण, भाडे या सर्व हिशेबांत कर्मचाऱ्याच्या मनाचा विचार कुठेच नव्हता, त्यामुळे हिशेब बदलताच धोरणही बदलले. २०१३ मध्ये याहूने आणि २०१७ मध्ये खुद्द आयबीएमने घरून काम करणाऱ्यांना कार्यालयात परत बोलावले.

टिकणे आणि गुंतणे यांतली फारकत नेमकी मोजली गेली ती शांघायमध्ये. सीट्रिप या प्रवाससेवा कंपनीतील गळती वर्षाला ५० टक्क्यांच्या आसपास होती. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी २०१० च्या अखेरीपासून नऊ महिने तिथे प्रयोग केला: घरून काम करण्यास इच्छुक व पात्र अशा २४९ कर्मचाऱ्यांपैकी ज्यांच्या जन्मतारखेचा दिवस सम होता त्यांना आठवड्यातील चार दिवस घरून काम दिले आणि उरलेल्यांना कार्यालयात ठेवले. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली आणि त्यांच्यातली गळती निम्म्यावर आली. पण कामगिरी तेवढीच असताना त्यांना बढती मिळण्याचे प्रमाण घटले, आणि प्रयोगानंतर पुन्हा निवड करण्याची मुभा मिळाल्यावर निम्म्याहून अधिक लोकांनी आपली निवड बदलली. कार्यालयाकडे परतणाऱ्यांच्या तक्रारीत एकटेपणा ठळक होता. ही मंडळी फोनवरून आरक्षण घेणारी होती, प्रोग्रामर नव्हती, हे खरे. तरीही राजीनामा न देणे म्हणजे समाधानी असणे नव्हे, याचा हा स्पष्ट पुरावा होता.

दरम्यान टिकण्याच्या सिद्धांतातही बदल झाला होता. टेरेन्स मिचेल, थॉमस ली आणि इतर व्यवस्थापन-अभ्यासकांनी २००१ मध्ये असे मांडले की माणूस नोकरीत राहतो तो तिथल्या व आपल्या वस्तीतल्या नातेबंधांमुळे, त्या ठिकाणाशी जुळलेल्या सुरामुळे आणि सोडताना गमवाव्या लागणाऱ्या गोष्टींमुळे. दूरस्थ कामाने यातला वस्तीचा धागा नोकरीपासून सुटा केला. घर, शाळा, शेजार काहीही न बदलता मालक बदलता येऊ लागला. सुरुवातीला ही सवलत मोजक्या कंपन्या देत, तोवर ती सोडणे महाग पडे. २०२० च्या महासाथीत ती सर्वांनी दिली आणि तिची बांधून ठेवण्याची ताकद ओसरली. २०२१ मध्ये अमेरिकेत ४ कोटी ७० लाखांहून अधिक राजीनामे नोंदले गेले, अर्थात ते सर्व क्षेत्रांतले होते आणि त्यामागे इतरही कारणे होती.

गुंतण्याच्या बाजूने महासाथीने आणखी एक गोष्ट उघड केली. मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतील ६१ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या २०२० च्या पहिल्या सहामाहीतील संपर्काचा अभ्यास झाला, तेव्हा जवळचे गट अधिक घट्ट झालेले आणि गटागटांमधले दुवे विरळ झालेले दिसले. ऑटोमॅटिक आणि गिटलॅबसारख्या मुळापासून दूरस्थ असलेल्या कंपन्यांनी हा धोका आधीच ओळखून निर्णय लेखी ठेवण्याची शिस्त बाणवली होती. मुक्तस्रोत प्रकल्पांकडून (ज्यांचे कोड सर्वांसाठी खुले असते आणि विखुरलेली माणसे मिळून ते लिहितात) आलेली ही सवय कार्यालयातून एकाएकी घरी आलेल्या कंपन्यांकडे नव्हती. त्यांनी बैठका तेवढ्या पडद्यावर नेल्या.

ब्लूम यांचा पुढचा प्रयोग, त्याच कंपनीतल्या १,६१२ पदवीधर कर्मचाऱ्यांवरचा, २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत अभियंतेही होते. आठवड्यातले दोन दिवस घरून काम दिल्याने राजीनामे एक तृतीयांशाने घटले, कामगिरीच्या मूल्यांकनात फरक पडला नाही आणि बढत्याही रोखल्या गेल्या नाहीत.

पूर्णवेळ कार्यालयात परतण्याचे आदेश त्यानंतरही निघत राहिले. ॲमेझॉनने जानेवारी २०२५ पासून पाच दिवसांची हजेरी जाहीर केली. अशा आदेशांच्या समर्थनार्थ नवख्यांच्या शिक्षणाचा मुद्दा मांडला जातो, आणि तो पोकळ नाही: एका मोठ्या कंपनीतील सॉफ्टवेअर अभियंत्यांच्या अभ्यासात, सहकारी जवळ बसत असताना कनिष्ठांच्या कोडवर अधिक अभिप्राय येत असल्याचे आणि त्याची किंमत म्हणून ज्येष्ठांचे स्वतःचे कोडलेखन कमी होत असल्याचे आढळले होते. पण मायक्रोसॉफ्ट, ॲपल आणि स्पेसएक्स या कंपन्यांच्या परतीच्या आदेशांनंतरच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा कंपनीतले ज्येष्ठांचे प्रमाण घसरलेले दिसले. ज्यांच्या शेजारी नवख्यांना बसवायचे होते, त्यांच्यातलेच काही त्या आदेशानंतर नोकरी सोडून गेले होते.