खुडूक की अडलेली?

"ताई, दोन दिवस अंडं नाही, टोपलीतून उठत नाही, नुसती फुगून बसलीय. खुडूक आहे ना?" आणि खाली कोंबडीचा फोटो. ठाण्यात आणि नवी मुंबईत परसात चार-सहा कोंबड्या पाळणारी जेवढी माणसं मला ओळखतात, त्यांच्यापैकी कुणाचा ना कुणाचा हा निरोप दर महिन्याला ठरलेला. मी उत्तर लिहायला घेईपर्यंत घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाने निकालही देऊन टाकलेला असतो: खुडूकच आहे, अंडी उबवायला बसलीय, बसू दे तिला.

फोटो बघून मी काही सांगत नाही. खुडूक कोंबडी आणि अंडं अडकलेली कोंबडी फोटोत जुळ्या बहिणी दिसतात. दोघी टोपलीत, दोघी फुगलेल्या, दोघींचं खाणं कमी, दोघींची अंडी बंद. खुडूक कोंबडीकडे तीन आठवडे दुर्लक्ष झालं तर ती थोडी रोडावते, बस. अडलेली मात्र एक-दोन दिवसांत मरू शकते. गाय अडते हे सगळ्यांना ठाऊक असतं. कोंबडीही अडते म्हटलं की लोक हसतात.

खुडूक काय ते तुम्हाला सांगायला नकोच. साधारण २१ दिवसांची बैठक, मग कोंबडा असो नसो, खाली अंडी असोत की नुसता पेंढा. पिल्लं नको असतील तर तळाला जाळी असलेल्या, जमिनीपासून उचलून ठेवलेल्या पिंजऱ्यात दाणापाण्यासकट तीन-चार दिवस ठेवायची. पोटाखालून वारा खेळला की तिची खोड मोडते. गार पाण्यात बुचकळणं आणि नाकपुडीतून पीस ओवणं हे अघोरी प्रकार आहेत, ते करणाऱ्याला मी पुन्हा अंगणात येऊ देत नाही.

गंमत अशी की हा गोंधळ नवखी माणसं कमी करतात, माहितगार जास्त. माझ्या सासूबाई गुहागरकडच्या, जन्मभर गावठी कोंबड्या पाळलेल्या. गावठी कोंबडी वर्षाला ६०-८० अंडी देते, एक पाळी संपली की खुडूक बसते, उठते, पुन्हा घालायला लागते. त्यांच्या अंगणात टोपलीत ठाण मांडलेली कोंबडी खुडूकच असायची. शहरात आपण आणतो त्या मात्र बहुतेक लेयर, म्हणजे खास अंड्यांसाठी तयार केलेल्या जातींच्या. त्या वर्षाला ३००च्या आसपास अंडी देतात. बसलेली कोंबडी घालत नाही, म्हणून निवड करताना बसण्याची खोड पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यातून काढूनच टाकली आहे. पांढरी लेगहॉर्न किंवा तपकिरी लेयर खुडूक बसली तर ते नवलच समजा. गिरिराज, वनराज या सुधारित जातींतही ती खोड फारशी उरलेली नाही. (तपकिरी लेयर "गावठी" म्हणून गळ्यात मारणारे विक्रेते आणि तपकिरी अंड्याला "गावठी अंडं" म्हणून जास्त पैसे मोजणारे ग्राहक, या दोघांबद्दल बोलायला लागले तर लेख इथेच संपेल. कवचाचा रंग जातीवर ठरतो, कोंबडी कुठे हिंडते त्यावर नाही.) म्हणून "खुडूक आहे ना?" याला माझं पहिलं उत्तर म्हणजे उलट प्रश्न: कोंबडी कुठल्या जातीची? लेयर असेल तर आधी अडलेली समजा, खुडूक नंतर.

ही अक्कल मला तांबडीने दिली. आमच्या बाळकुमच्या परसातली पहिली लेयर, अंडी घालायला लागून जेमतेम महिना झालेली तलंग, म्हणजे तरुण कोंबडी. एका सकाळी टोपलीतून उठेना. सासूबाई म्हणाल्या, "अगं, खुडूक बसलीय." मी तिला उचललं, ती शांतपणे हातात आली, आणि मला तिच्या गरीब स्वभावाचं कौतुक वाटलं. खुडूक मोडायला जाळीच्या पिंजऱ्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती मेलेली होती. पुरायला उचलताना शेपटीखाली बोटांना कातडीआड लिंबाएवढं काहीतरी टणक लागलं.

तिची ती शांतताच मला कळायला हवी होती. खुडूक कोंबडी सहसा शांतपणे हातात येत नाही. जवळ हात नेला की ती आणखी पसरते, मानेची पिसं उभी करते, घशातून गुरगुरते आणि चोच मारते, हाताला वळ उठेल अशी. उचलून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली तर क्षणभर तशीच पसरून राहते, मग उठते, अंग झाडते, रागारागाने कुकुकु करत दोन-चार दाणे टिपते आणि पुन्हा टोपली गाठते. चाल ताठ, पाय भक्कम, डोळे टक्क उघडे. दिवसातून एखाद-दोन वेळा ती आपणहून उतरते, घाईघाईने खाते-पिते आणि एकच शीट टाकते, पण ती अशी भलीमोठी आणि वासाची की शेजारी खिडकी लावून घेतात. दिवसभर दाबून धरलेलं असतं ना. पोटाखाली हात घातला तर पिसं विरळ झालेली आणि कातडी गरम लागते. रात्रीही ती दांडीवर जात नाही, टोपलीतच झोपते.

अडलेलीला तशीच अंगणात ठेवून बघा. ती टोपलीकडे धावणार नाही. जिथे ठेवली तिथेच उभी राहील, तीही विचित्र, पेंग्विनसारखी: छाती वर, बूड जमिनीकडे, पाय फाकलेले. शेपटी खाली झुकलेली आणि श्वासाबरोबर वरखाली हलणारी. मधूनच कुंथेल. डोळे अर्धे मिटलेले, तुरा फिकट. शीट नाही, किंवा नुसतं पांढरं पाणी, आणि मागची पिसं त्याने चिकटलेली. टोपलीत असली तरी तिची बैठक मोडकी असते, आत जाते, बाहेर येते, पुन्हा आत जाते. राग तर नावालाही नाही. म्हणून मी सगळ्यांना आधी हेच विचारते: उचललीत तेव्हा चावली का? चावली असेल तर चहा प्या. नसेल तर गॅसवर पाणी ठेवा.

पाणी कशासाठी ते सांगते, पण त्याआधी ती अडते का ते बघू, कारण बऱ्याचदा दोष आपल्याच हातचा असतो. कोंबडीच्या पोटात अंडं तयार व्हायला सुमारे २५ तास लागतात, त्यातले २० तास निव्वळ कवचाचे. एका कवचात २ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं. लेयरच्या खाद्यात ते साडेतीन-चार टक्के असतं, ब्रॉयलरच्या खाद्यात एक टक्क्याच्या आसपास. दुकानात "कोंबडीचं खाद्य द्या" एवढंच म्हटलं की हातात बऱ्याचदा ब्रॉयलरचं पोतं पडतं. त्यावर रात्रीचा भात आणि पोळीचे तुकडे. अशी कोंबडी लठ्ठ होते आणि कॅल्शियमला मात्र उपाशी राहते. हे कॅल्शियम फक्त कवचाला लागतं असंही नाही, अंडं बाहेर ढकलणारे स्नायू आवळायलाही तेच लागतं. कमी पडलं की अंडं मऊ होतं आणि ढकलायची ताकदही जाते, दोन्ही एकदमच. नवी तलंग, पहिलं मोठं अंडं, दोन बलकांचं अंडं, मे महिन्यात रिकामं राहिलेलं पाण्याचं भांडं, ही बाकीची कारणं.

यावर पाण्यात खायचा चुना कालवायचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो मान्य नाही. अंदाजाने पडलेला चुना चोच आणि घसा भाजतो, आणि चव बिघडली की कोंबडी पाणीच सोडते, म्हणजे आगीतून फुफाट्यात. आपण खाडीकाठी राहतो. घरी तिसऱ्या (खाडीतल्या शिंपल्या) केल्या की कवचं धुऊन, कडक उन्हात वाळवून वरवंट्याने जाडसर कुटायची आणि वेगळ्या वाटीत ठेवायची. पूड नको, जाडसरच हवं. जाड तुकडे पोटात हळूहळू विरघळतात, आणि कवचाचं बरंचसं काम रात्री चालतं तेव्हा उपयोगी पडतात. लागेल तेवढं कोंबडी स्वतःच टिपते.

आता पाणी. तान्ह्या बाळाच्या अंघोळीला घेतो तेवढं कोमट, पसरट टबात, कोंबडीचं पोट बुडेल इतकं. १५-२० मिनिटं तिला धरून बसायचं. पहिल्या मिनिटाला फडफडेल, मग बहुतेक डोळे मिटून घेईल. टॉवेलने नीट टिपून घ्या, गुदद्वाराभोवती खोबरेल तेल लावा आणि खोक्यात जुनी चादर घालून तिला अंधाऱ्या, उबदार, शांत जागी ठेवा. पंखा बंद. तासाभराने पुन्हा एकदा तेच. पोट दाबून अंडं काढायला जाऊ नका. व्हिडिओत सोपं दिसतं, पण अंडं आत फुटलं तर कवचाने आतली वाट चिरते, जंतुसंसर्ग होतो आणि मग हातात काही राहत नाही. दोन वेळा शेकूनही अंडं आलं नाही तर पक्षी बघणारा पशुवैद्य गाठा, त्याच दिवशी. कुत्र्या-मांजरांचे सगळे डॉक्टर कोंबडी बघत नाहीत, तेव्हा कोण बघतो ते आजच विचारून फोन नंबर घेऊन ठेवा.

बाकीचे गोंधळ किरकोळ आहेत. पिसं झडायला लागली की अंडी थांबतात, पण ती कोंबडी हिंडते-फिरते, खाते, फक्त अवतार फाटक्या उशीसारखा होतो. मानमोडीत (राणीखेत रोगात) शीट हिरवट होते, श्वासाला घरघर लागते, मान पिळवटते, आणि ती एकीवर थांबत नाही. दोन-तीन कोंबड्या एकदम आजारी पडल्या किंवा पटापट मेल्या तर घरगुती उपाय करत बसू नका, पशुसंवर्धन विभागाला कळवा.

अंडं बाहेर आलं की कोंबडी अर्ध्या तासात दाणे टिपायला लागते आणि आपल्याला तिला लगेच अंगणात सोडावंसं वाटतं. त्या दिवशी सोडू नका. कुंथून कुंथून मागचा भाग लाल झालेला, कधी थोडा बाहेर आलेला असतो, आणि लाल काही दिसलं की बाकीच्या कोंबड्या तिथेच टोचतात. ती रात्र तिला खोक्यातच काढू द्या, कुटलेल्या शिंपल्यांच्या वाटीसोबत.