थेंब फुटताना खरा कसा दिसतो?

हाय-स्पीड कॅमेऱ्याची गोष्ट कॅमेऱ्यापासून नाही, एका चुकलेल्या नजरेपासून सुरू होते. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ आर्थर वर्दिंग्टन १८७० च्या दशकापासून अंधाऱ्या खोलीत पाऱ्याचे, दुधाचे थेंब पाडत असे. नेमक्या क्षणी विजेची ठिणगी चमकायची आणि त्या उजेडात जे दिसलं ते तो कागदावर उतरवायचा. पुढच्या थेंबाला ठिणगी किंचित उशिरा, त्याच्या पुढच्याला आणखी उशिरा. अशा चित्रांतून फुटणाऱ्या थेंबाचा मुकुट साकारला: रेखीव, सगळ्या बाजूंनी सारखा.

१८९४ मध्ये त्याला त्याच क्षणांचे फोटो घेता आले आणि मुकुट वाकडातिकडा निघाला. जुनी टिपणं काढून पाहिली, तर वेडेवाकडे थेंब त्यातही होते. अपवाद समजून त्यानेच ते बाजूला ठेवले होते. हे त्याने स्वतः जाहीरपणे मांडलं. मला या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा प्रसंग वाटतो.

तरीही एक अडचण उरलीच: प्रत्येक फोटो वेगळ्या थेंबाचा होता. एकाच थेंबाचा सगळा प्रवास टिपायला १९३० चं दशक उजाडावं लागलं. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात हॅरॉल्ड एजर्टन या अभियंत्याने झपाट्याने उघडझाप करणारा स्ट्रोब दिवा सलग पळणाऱ्या फिल्मला जोडला. सिनेमाच्या कॅमेऱ्यात फिल्म दर फ्रेमला थांबते. वेग फार वाढवला की ती फाटते. तिला न थांबवता चित्र स्पष्ट मिळवायचं, तर उजेडच क्षणभराचा हवा.

पुढे डिजिटल सेन्सर आले. त्यांची खरी सोय अशी की कॅमेरा सतत टिपत, जुनं पुसत राहतो आणि घटना घडून गेल्यावर बटण दाबलं तरी ती हाती लागते. एरवी अवचित घडणाऱ्या गोष्टी निसटून जायच्या. २००० मध्ये सेकंदाला ४०,००० फ्रेमच्या चित्रणातून कळलं, की नांगी वाजवणाऱ्या कोळंबीचा कडाका नांगी मिटल्याचा नसतो. नांगीतून सुटलेल्या पाण्याच्या झोतात बुडबुडा तयार होतो आणि तो मिटताना आवाज होतो.

थेंबाचा प्रश्न मात्र संपला नव्हता. २००५ मध्ये शिकागो विद्यापीठात गुळगुळीत कोरड्या काचेवर अल्कोहोलचा थेंब पाडून भोवतालची हवा हळूहळू काढून घेण्यात आली. हवेचा दाब नेहमीच्या सुमारे सहाव्या हिश्श्यावर आल्यावर थेंब नुसताच पसरला. एकही शिंतोडा उडाला नाही.