इंजिनाचे स्थानांतर (स्पोर्ट्‌स कार)

गाडीची हाताळणी सुधारण्यासाठी इंजिन मूळ जागेवरून हलवून दोन्ही आसांच्या (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या अक्षांच्या) मधल्या भागाकडे नेणे, याला इंजिनाचे स्थानांतर म्हणता येईल. पुढचे इंजिन मागे सरकवतात, तसे मागचे पुढेही आणतात. बैलगाडीत मागे ओझे जास्त झाले की ती उलाळते, हे गाडीवानाला सांगावे लागत नाही. मोटारीत एवढ्यावर भागत नाही, कारण ती वेगात वळते आणि तेव्हा वजन किती यापेक्षा ते मध्यापासून किती लांब आहे हे महत्त्वाचे ठरते. काठीच्या दोन टोकांना भरलेल्या पिशव्या अडकवून ती मधोमध धरून फिरवावी, मग त्याच पिशव्या मुठीलगत सरकवून पुन्हा फिरवावी. फरक मनगटाला कळतो. फिरवण्याला होणारा हा विरोध मध्यापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून इंजिन थोडे सरकले तरी परिणाम जाणवतो.

मध्यापासून लांब असलेल्या वजनाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे पोर्शे ९११ ही जर्मन स्पोर्ट्‌स कार. १९६३ साली दाखवलेल्या या गाडीत सहा सिलिंडरचे इंजिन मागच्या आसाच्याही मागे होते. वळणावर चालकाने घाबरून एकदम ॲक्सिलरेटर सोडला, की भार पुढे झुकतो, मागच्या टायरांची पकड सुटते आणि जड शेपूट बाहेर फेकले जाते. सुरुवातीच्या काही गाड्यांत पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत प्रत्येकी ११ किलोची वजने बसवावी लागली. हलक्या स्पोर्ट्‌स कारमध्ये मुद्दाम ओझे भरणे ही तशी नामुष्कीच! १९६९ च्या मॉडेलमध्ये मात्र युक्ती केली. इंजिन जागेवरच ठेवून मागची चाके ५७ मिलिमीटर मागे नेली, आणि एका बॅटरीऐवजी दोन बॅटऱ्या पुढच्या दोन कोपऱ्यांत बसवल्या.

खरे स्थानांतर शर्यतीच्या गाड्यांत झाले. १९९६ च्या ९११ जीटी१ मध्ये इंजिन मागच्या आसाच्या पुढे आले. तिच्या सुधारित आवृत्तीने १९९८ ची फ्रान्समधली ले मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. २०१७ च्या ९११ आरएसआरमध्येही हाच बदल झाला. त्यामुळे मागे मोठ्या डिफ्यूझरला, म्हणजे गाडीखालची हवा बाहेर काढणाऱ्या चढत्या तळाला, जागा मिळाली; वजनाबरोबर गाडीला रस्त्यावर दाबून धरणारा हवेचा जोरही पदरात पडला. रस्त्यावरच्या ९११ मध्ये इंजिन आजही मागेच आहे. पुढे आणले तर मागच्या छोट्या सीटांची जागा जाईल. शिवाय वळणातून बाहेर पडताना मागच्या चाकांवरचा भार जोर घ्यायला उपयोगीच पडतो.

फॉर्म्युला वनमध्ये हा प्रश्न लवकर मिटला. १९५८ च्या आरंभी अर्जेंटिनात स्टर्लिंग मॉसने चालकामागे इंजिन असलेल्या छोट्या कूपर गाडीत शर्यत जिंकून दाखवली, आणि १९५९ पासूनचा प्रत्येक जगज्जेता चालक अशाच रचनेच्या गाडीत बसलेला आहे. शेव्हरोले कॉर्व्हेट या अमेरिकी स्पोर्ट्‌स कारला मात्र इंजिन चालकामागे न्यायला २०१९ उजाडले. इंजिन पुढेच हवे असेल, तर ते पुढच्या आसामागे ढकलतात; होंडा एस२०००मध्ये तसे आहे.

या बदलाने गाडी शांत होते, असा समज आहे. तो अर्धाच खरा. मध्य-इंजिन गाडी चटकन वळते, तशीच पकड सुटल्यावर चटकन गिरकीही घेते आणि सावरायला वेळ कमी मिळतो. शिवाय इंजिनाची उष्णता आणि आवाज थेट पाठीशी येतात, सामानाची जागा आक्रसते आणि साध्या दुरुस्तीसाठीही बरेच काही उघडावे लागते.